कोर्सचे व्हिडिओ टेलिग्रामवर कोण टाकतंय, हे क्रिप्टोग्राफीनं शोधता येतं का?

सर, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सदाशिव पेठेत तुमचा एमपीएससीचा क्लास आहे. साधारण तीन हजार विद्यार्थी ॲपवरून रेकॉर्डेड कोर्स घेतात. लेक्चर अपलोड झालं की दोन-तीन दिवसांत ते टेलिग्रामच्या कुठल्या तरी चॅनेलवर येतं. विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर तुम्ही व्हिडिओवर फिरता ठेवलात, पण फुटलेल्या प्रतीत तो पुसलेला असतो. आता एक कंपनी म्हणते की आमच्याकडे क्रिप्टोग्राफिक ट्रेसिंग (गुप्तलेखनाच्या गणितानं माग काढणं) आहे, चोर शंभर टक्के सापडेल. हे खरं आहे का, आपल्याएवढ्या क्लासला झेपेल का, आणि कुणी तरी सुचवलंय तशा पीडीएफ नोट्समध्ये मुद्दाम चुका पेराव्यात का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यातच याच धंद्यात आहे. सुरुवात सेट-टॉप बॉक्सच्या कार्डांपासून केली, आता ओटीटीवाल्यांसाठी काम करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. फोडणाऱ्याचं अकाउंट शोधता येतं, आणि तुमच्यासारख्या दीडशे तासांच्या कोर्समध्ये ते एखाद्या सिनेमापेक्षा सोपं जातं. पण सापडतं ते अकाउंट, माणूस नव्हे. शंभर टक्के म्हणणाऱ्याला एकच विचारा: "किती अकाउंटवाल्यांनी मिळून फोडलं तरी सापडेल?" आकडा सांगता आला तर पुढे बोला, नाही तर चहा पाजून निरोप द्या.

त्याहीआधी व्हिडिओ नेमका कसा फुटतोय ते बघा. निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. चॅनेलवरची फाइल उतरवून घ्या आणि मीडियाइन्फोसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. रिझोल्यूशन विचित्र असेल, मोबाइलच्या पडद्याच्या मापाचं असेल, वरच्या कडेला बॅटरीचं चिन्ह दिसत असेल, मध्येच व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन डोकावत असेल, तर ते स्क्रीन रेकॉर्डिंग. चित्र किंचित तिरकं, कडा काळपट आणि आवाजात पंख्याची घरघर असेल तर दुसरा मोबाइल समोर धरून केलेलं शूटिंग. पण फाइल अगदी स्वच्छ असेल, रिझोल्यूशन आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) तुम्ही अपलोड केल्यासारखेच असतील, तर ती थेट सर्व्हरवरून उचललेली आहे. क्लासच्या ॲपमध्ये हा तिसरा प्रकार मला वारंवार दिसतो. व्हिडिओची लिंक कायमची उघडी असते, ती एकदा हाती लागली की लॉगिनसुद्धा लागत नाही. तुमचं असं असेल तर ट्रेसिंगवर एक रुपयाही घालू नका. आधी ॲपवाल्याकडून लिंकला मुदत लावून घ्या आणि ती अकाउंटला बांधून घ्या. तुमच्या वर्णनावरून मात्र नंबर पुसावा लागतोय, म्हणजे फाइल कुठल्या तरी अकाउंटमधूनच बाहेर पडतेय. पुढचं सगळं तसं धरून लिहितो.

आता मूळ अडचण. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय उघडणार नाही असा व्हिडिओ सांकेतिक करणं), डीआरएम (कॉपी अडवणारी व्यवस्था), वाइडवाइन (गूगलचं डीआरएम) ही सगळी नावं ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना बाहेर ठेवण्यासाठी आहेत. तुमचा चोर पैसे भरून आत आलेला घरभेदी आहे. त्याला व्हिडिओ दिसायलाच हवा, आणि दिसतो म्हटल्यावर तो टिपताही येतो. चांगल्या फोनवर वाइडवाइनची हार्डवेअर पातळी स्क्रीन रेकॉर्डिंग काळं करते, स्वस्त फोनवर आणि बऱ्याच लॅपटॉपवर फक्त सॉफ्टवेअर पातळी असते आणि ती फोडायची साधनं फिरत असतात. समोर धरलेल्या दुसऱ्या मोबाइलला तर कुठलंच डीआरएम अडवू शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात थोडी वेगळी गोष्ट द्यायची आणि बाहेर आलेल्या प्रतीवरून ती कुणाला दिली होती ते ओळखायचं, हा मार्ग उरतो.

या मार्गाच्या दोन वाटा आहेत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात त्यांची सर्रास सरमिसळ केलेली असते. पहिली वाट किल्ल्यांची, म्हणजे सांकेतिक केलेला व्हिडिओ उघडणाऱ्या गुप्त आकड्यांची. १९९४ साली बेनी चोर, अमोस फियाट आणि मोनी नाओर यांनी क्रिप्टोग्राफीच्या 'क्रिप्टो' परिषदेत एक निबंध मांडला. (हो, पहिल्या लेखकाचं आडनाव खरंच चोर आहे.) प्रश्न पैसे भरून बघायच्या टीव्हीचा होता: एखाद्यानं आपल्या डीकोडरमधल्या किल्ल्या काढून बनावट डीकोडर विकले तर त्या किल्ल्या कुणाच्या हे कसं कळणार? त्यांनी प्रत्येक डीकोडरला किल्ल्यांचा वेगळा संच दिला आणि प्रसारणाची मुख्य किल्ली अशा तऱ्हेनं तुकडे करून पाठवली की कुठल्याही वैध संचानं ती जुळवता यावी. ठरावीक संख्येपर्यंत गद्दार एकत्र आले, आपापल्या किल्ल्या मिसळून त्यांनी बनावट डबा बनवला, तरी त्या मिश्रणावरून निदान एक गद्दार ओळखू यावा, अशी ती रचना होती. पुढे हे शास्त्र फार वाढलं. १९९९ मध्ये डॅन बोने आणि मॅथ्यू फ्रँकलिन यांनी ते सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत (बंद करायची किल्ली उघड, उघडायची गुप्त) आणलं. २००१ मध्ये दालित नाओर, मोनी नाओर आणि जेफ लॉट्सपीच यांनी पकडलेली किल्ली पुढच्या डिस्कवर चालूच नये, अशी रद्द करायची पद्धत दिली आणि तीच ब्लू-रेच्या एएसीएस संरक्षणात वापरली गेली. त्याचा उपयोग २००७ मध्ये दिसलाही. संगणकावरच्या एका प्लेयरच्या किल्ल्या बाहेर आल्यावर त्या रद्द झाल्या आणि ग्राहकांना प्लेयर अपडेट करावा लागला. आधीच्या डीव्हीडीत हे बळ नव्हतं. १९९९ मध्ये तिची ४० बिटांच्या, म्हणजे आखूड, किल्लीची एन्क्रिप्शन पद्धत उघडी पडली ती कायमचीच.

ही वाट तुमची नाही. तुमचा घरभेदी किल्ली विकत नाही, उघडलेला व्हिडिओ विकतो. बाहेर आलेल्या एमपी४ फाइलमध्ये किल्लीचा मागमूसही नसतो. कंपनीवाला किल्ल्यांबद्दल बोलत असेल तर तो तुम्हाला दुसऱ्याच दुखण्याचं औषध देतोय.

दुसरी वाट खुद्द व्हिडिओतल्या खुणांची. हल्ली व्हिडिओ अखंड फाइल म्हणून जात नाही, सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकड्याच्या दोन आवृत्त्या करून ठेवायच्या, 'अ' आणि 'ब'. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, पण चित्राच्या छटांमध्ये अगदी बारीक फरक पेरलेला. स्क्रीन रेकॉर्ड करा, दाबून लहान करा, तरी मोजता येईल इतका तो टिकाऊ असावा लागतो. मग सर्व्हर एका विद्यार्थ्याला अ-ब-ब-अ-ब असा क्रम पाठवतो, दुसऱ्याला ब-ब-अ-अ-अ असा. साठवायच्या प्रती दोनच, पण क्रम तीन हजार. एका तासाच्या लेक्चरमध्ये ६०० तुकडे, म्हणजे ६०० खुणा. फुटलेली फाइल हाती आली की प्रत्येक तुकडा आपल्याकडच्या दोन्ही आवृत्त्यांशी ताडून बघायचा, क्रम लिहून काढायचा आणि तो कुणाच्या क्रमाशी जुळतो ते पाहायचं. मूळ आवृत्त्या आपल्याच हातात असतात हा यातला मोठा फायदा. नुसत्या चोरीच्या प्रतीवरून खूण हुडकणं कितीतरी अवघड जातं.

करताना एक फालतू चूक मी अनेक ठिकाणी पाहिलीय. तुकड्यांची नावंच 'लेक्चर१२_००४१_अ' अशी ठेवलेली असतात. ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडणाऱ्या कुणालाही आपला क्रम वाचता येतो, मग गणित कितीही भारी असो. नावं निरर्थक हवीत, आणि दोन्ही आवृत्त्यांचा आकार जवळपास सारखा हवा. नाही तर बाइट मोजूनसुद्धा कळतं.

एकटाच फोडणारा असेल तर किती खुणा पुरतात? क्रम नाणेफेकीनं ठरवले तर एखाद्या निर्दोष विद्यार्थ्याचा क्रम २२ तुकड्यांत निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता सुमारे ४२ लाखांत एक. तीन हजार विद्यार्थी धरले तरी कुणा तरी भलत्यावरच बोट जाण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. २२ तुकडे म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आत. काही खुणा नीट वाचता येणार नाहीत हे धरून मी प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट घेतो, तरी दहा मिनिटांची क्लिप पुरते. कंपनीवाला जो डेमो दाखवतो तो एवढाच असतो, आणि तो खोटा नसतो.

भानगड सुरू होते ती दोघे-तिघे एकत्र आल्यावर. प्रत्येकानं आपापली फाइल रेकॉर्ड केली आणि त्या शेजारी ठेवून ताडल्या, की जिथे फरक दिसतो तिथे खूण आहे हे त्यांना कळतं. तिथला तुकडा कुणाचा घ्यायचा हे मग ते ठरवतात: एक याचा, एक त्याचा. तयार होणारा क्रम तिघांपैकी कुणाचाच नसतो, आणि साधी जुळणी करणारं सॉफ्टवेअर चौथ्याच कुणाकडे बोट दाखवू शकतं. त्यांना एकच गोष्ट जमत नाही. ज्या तुकड्यावर तिघांनाही 'अ'च मिळालाय तिथे काही खूण आहे हेच त्यांना कळत नाही, त्यामुळे तिथे 'ब' आणणं त्यांच्या हातात नसतं. डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ मध्ये याच एका गृहीतकावर संगनमताला पुरून उरणारे संकेत बांधून दाखवले. पण त्यांची लांबी भारी होती.

२००३ मध्ये गॅबोर तारदोश या हंगेरियन गणितज्ञानं ती लांबी कमी केली, आणि आज कामात येतं ते बहुतेक त्याच धाटणीचं. त्याची युक्ती थोडी जवळून बघा, कारण कंपनीला प्रश्न विचारायला ती उपयोगी पडेल. प्रत्येक तुकड्यासाठी नाणं सरळ ठेवायचं नाही, एका बाजूला झुकवायचं, आणि कोणत्या तुकड्यावर किती झुकवलंय ते गुप्त ठेवायचं. समजा ४१ व्या तुकड्यावर तीन हजारांपैकी फक्त १५० जणांना 'ब' मिळाला आणि बाकी २,८५० जणांना 'अ'. फुटलेल्या प्रतीत तिथे 'ब' निघाला, तर त्या १५० जणांच्या खात्यात प्रत्येकी ४.३६ गुण जमा होतात आणि उरलेल्यांचे ०.२३ गुण वजा होतात. विरळ खूण जुळली तर जास्त वजन, सर्रास खूण जुळली तर नगण्य. (सूत्र साधं आहे, विरळपणाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ.) हजारो तुकड्यांवर अशी बेरीज करत गेलं की निर्दोष विद्यार्थ्याची बेरीज शून्याच्या आसपास घुटमळत राहते. फोडणाऱ्यांनी कसंही मिसळलं तरी त्यांची एकत्रित बेरीज चढत जाते, आणि निदान एक जण रेषा ओलांडतोच. निदान एक. सगळे सापडतील अशी हमी हे गणित देत नाही.

आता लांबी. तारदोशच्या मूळ सूत्रात फोडणाऱ्यांच्या संख्येचा वर्ग येतो, त्याला १०० नं गुणायचं आणि शेवटी एक लॉगॅरिथम. तीन हजार विद्यार्थी आणि निर्दोष अडकण्याची शक्यता हजारात एक धरली तर तो लॉगॅरिथम (तीन हजार गुणिले हजार, म्हणजे तीस लाखांचा, नैसर्गिक) १५ येतो. दोघांच्या संगनमतासाठी ६,००० तुकडे, म्हणजे दहा तासांचा व्हिडिओ. तिघांसाठी १३,५००, म्हणजे साडेबावीस तास. दहा जणांसाठी दीड लाख तुकडे, म्हणजे अडीचशे तास. नंतरच्या संशोधनानं १०० चा गुणक बराच खाली आणलाय. २५ धरला तर तिघांसाठी साडेपाच-पावणेसहा तास पुरतात. वर्ग मात्र जात नाही, त्याखाली उतरताच येत नाही हे तारदोशनंच सिद्ध केलंय.

म्हणूनच वर म्हटलं की तुमचं काम सिनेमापेक्षा सोपं आहे. अडीच तासांच्या सिनेमात १,५०० तुकडे, तुमच्या कोर्समध्ये ९०,०००. चॅनेलवाला एक लेक्चर टाकून थांबत नाही, त्याला अख्खा कोर्स विकायचा असतो. दर लेक्चरमागे तो तुम्हाला आणखी ६०० खुणा देत राहतो. तेव्हा पहिल्या फुटलेल्या लेक्चरवर निकाल लावायची घाई करू नका. विद्यार्थ्याचे गुण लेक्चरमागून लेक्चर साठवत न्या.

घाई करू नका यामागे एक अनुभवही आहे. एका क्लासमध्ये फुटलेल्या व्हिडिओवर एका मुलीचा मोबाइल नंबर स्पष्ट दिसत होता. संचालकांनी तिचं अकाउंट बंद केलं, तिच्या वडिलांना फोन केला, ग्रुपवर नावही टाकलं. मी फाइल बघितली तेव्हा नंबरमागची पट्टी स्लाइडच्या रंगाला जुळत नव्हती आणि अंकांचा फाँट ॲपच्या फाँटपेक्षा वेगळा होता. फोडणाऱ्यानं स्वतःचा नंबर झाकून वर तिचा चिकटवला होता. तो त्याला मिळणं काही अवघड नव्हतं, बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचेच नंबर असतात. डोळ्यांना दिसणारी खूण भोळ्याला घाबरवते हे खरं, पण ती पुसता येते तशी दुसऱ्याच्या नावावरही खपवता येते. फिरता नंबर काढून टाका असं मी म्हणत नाही. पुरावा म्हणून मात्र त्याच्याकडे बघू नका.

न दिसणाऱ्या खुणांचं गणित नेमकं इथे उपयोगी पडतं. भलताच अडकण्याची शक्यता किती हे त्यात आधी ठरवायचं असतं, आणि लांबी त्यावरून निघते. कंपनी गुणांची रेषा नंतर, निकाल बघून, खाली-वर करणार असेल तर ते ट्रेसिंग नव्हे, ज्योतिष झालं.

आता झेपण्याचं. तुकड्या-तुकड्याला आवृत्ती बदलणारी व्यवस्था उभी करायला व्हिडिओत टिकाऊ खूण घालणारं सॉफ्टवेअर लागतं आणि क्रमानुसार तुकडे पाठवणारा सर्व्हर लागतो. पहिली गोष्ट घरच्या घरी करू नका. रंगात थोडा फरक केला आणि झालं, असं वाटतं, पण टेलिग्रामवर दोनदा दाबलेल्या फाइलमध्ये त्यातलं काहीच उरत नाही. विकतचं सॉफ्टवेअर मोठ्या ओटीटीला परवडतं, तुम्हाला ते जड जाईल.

तुमच्या जागी मी असतो तर याच कल्पनेचं गावठी रूप केलं असतं. तुकड्याऐवजी अख्खं लेक्चर हीच एक खूण धरायची. एडिटरला सांगून प्रत्येक लेक्चरच्या दोन आवृत्त्या करून घ्या, आणि फरक असा ठेवा की समोर मोबाइल धरून शूट केलं तरी जाणार नाही: एका आवृत्तीत मधला एखादा किस्सा ठेवलाय, दुसरीत कापलाय, एकीत फळा पुसतानाची पाच सेकंदं आहेत, दुसरीत नाहीत. शिकवण्यात काही कमी-जास्त होत नाही. कोणत्या अकाउंटला कोणती फाइल द्यायची एवढंच ॲपवाल्याला करायचंय, ते काही दिवसांचं काम आहे. दोनाचा बारावा घात ४,०९६. म्हणजे एकटाच फोडणारा असेल तर बारा लेक्चर फुटेपर्यंत तीन हजारांत प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवता येतो. मी चोवीसेक लेक्चरवर पसरवेन, म्हणजे योगायोगाला जागा उरत नाही आणि एखादं लेक्चर दुसऱ्याच कुणाच्या अकाउंटवरून आलं तर क्रम कुणाशीच पुरता जुळत नाही, त्यावरूनच संगनमत लक्षात येतं. एका लेक्चरमध्ये असे चार-पाच कट वेगवेगळे जोडता आले तर खुणा तितक्या पट वाढतात, पण एडिटरचा जीव किती खायचा ते तुम्ही ठरवा.

चॅनेलवर तुमची नजर असेल तर आणखी एक सोय आहे. अमोस फियाट आणि तामीर तासा यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत अशी: गटांना वेगवेगळ्या आवृत्त्या द्यायच्या, कोणती बाहेर आली ते पाहायचं आणि पुढच्या वेळी त्याच गटाचे पुन्हा भाग पाडायचे. संशयितांची संख्या दर लेक्चरला निम्मी होते, तीन हजार, दीड हजार, साडेसातशे. एकटा असेल तर बारा फेऱ्यांत तुम्ही एका अकाउंटपाशी पोचता. फोडणारे जास्त असतील तर मात्र दोन आवृत्त्या पुरत नाहीत. त्यांच्या संख्येपेक्षा निदान एक आवृत्ती जास्त लागते, हे त्याच दोघांनी दाखवून दिलंय. आणि चॅनेलवाला शहाणा असेल तर पंधरा दिवस थांबून एकदम सगळं टाकतो, तेव्हा ही फेऱ्यांची पद्धत कोलमडते. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवलेले बरे.

पीडीएफचं वेगळं आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ओळी वर-खाली सरकवून खूण घालायचे प्रयोग झाले. सरक इंचाच्या तीनशेव्या भागाइतकी, डोळ्यांना अजिबात न दिसणारी, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी मोजता येणारी. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांचा दिवस जातो त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. पण कुणी नोट्स पुन्हा टाइप केल्या की हे सगळं धुऊन जातं. टेस्ट सिरीजला मात्र एक फुकटचा उपाय आहे: प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रतीत बहुपर्यायी प्रश्नांच्या पर्यायांचा क्रम बदला. चार पर्यायांचे २४ क्रम होतात, शंभर प्रश्नांत खुणांची रेलचेल होते, आणि टाइप करणारा पर्याय सहसा आहे त्याच क्रमानं उतरवतो. उत्तरतालिका अर्थातच प्रत्येकाची वेगळी करावी लागेल, आणि 'वरीलपैकी सर्व' असे पर्याय आधी बाजूला काढायला विसरू नका.

मुद्दाम चुका पेरायचा सल्ला जुनाच आहे. लॉगॅरिथमची कोष्टकं छापणारे शेवटच्या आकड्यात बारीक चूक पेरून ठेवत, असं या विषयाच्या निबंधांतून सांगितलं जातं. शेवटच्या आकड्यातल्या चुकीनं कुणाचं बिघडत नसे. तुमच्या नोट्समधलं साल चुकलं तर तुमच्याच प्रामाणिक विद्यार्थ्याचा पूर्वपरीक्षेत मार्क जातो, वर निगेटिव्ह मार्किंग. ते करू नका.

अकाउंट सापडल्यावर काय, हा भाग कंपन्या सांगत नाहीत. २००४ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीनं कार्माइन कॅरिडी या अभिनेत्याला काढून टाकलं, कारण मतदानासाठी त्याच्याकडे पाठवलेल्या सिनेमांच्या कॅसेट खुणांवरून इंटरनेटवरच्या प्रतींशी जुळल्या. प्रती काढणारा मात्र दुसराच होता, यानं त्याला कॅसेट दिल्या होत्या. तुमच्याकडे तर एका खोलीत चार कॉट आणि चौघांत मिळून एक अकाउंट. अभ्यासिकेतल्या संगणकावर लॉगिन उघडं ठेवून मुलं चहाला जातात. म्हणून अकाउंट हाती लागलं की आधी लॉगिनची नोंद बघा: किती उपकरणं, कोणत्या वेळी, एकाच रात्री दहा लेक्चर ओळीनं सुरू होऊन शेवटपर्यंत चालली का. मग मुलाला एकट्याला बोलवा. बऱ्याच वेळा पासवर्ड कुणाला दिला होता ते तो तिथेच सांगतो.

प्रकरण पुढे न्यायचं ठरलं तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल: "ही प्रत तुमच्याच क्लासमधून कुणी बाहेर टाकून माझ्या अशिलाच्या नावावर कशावरून ढकलली नाही?" प्रश्न रास्त आहे. कुणाला कोणता क्रम दिला हे तुम्हीच ठरवता, त्याच्या प्रती तुमच्याच एडिटरकडे असतात. बिर्गिट फिट्झमान आणि माथियास शुंटर यांनी १९९६ मध्ये यावर अशी पद्धत मांडली की खूण असलेली प्रत ग्राहकाकडेच तयार व्हावी आणि विक्रेत्यालाही ती आधी माहीत नसावी. क्लासच्या पातळीवर ते अतिच होईल. पण बॅच सुरू व्हायच्या आधी क्रमांची अख्खी यादी एका फाइलमध्ये बंद करा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा बोटाच्या ठशासारखा छोटा आकडा, फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) काढा आणि तो तुमच्या सीएला किंवा वकिलाला ईमेल करून ठेवा. यादी कुणाला दाखवावी लागत नाही, आणि नंतर तुम्ही ती बदलली नाही हे मात्र सिद्ध करता येतं. फुटलेली फाइल उतरवल्या दिवशी तिचाही हॅश, चॅनेलची लिंक आणि तारीख असंच नोंदवून ठेवा. यादी एडिटरपाशी ठेवू नका.

कायद्याचं मी इंजिनियर म्हणून जेवढं बघितलंय तेवढंच सांगतो, बाकी वकिलाला विचारा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं संरक्षण तोडणं हाही कलम ६५अ खाली गुन्हा झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यावं लागतं, आणि त्यात हॅशची नोंद येते, म्हणून वरची शिस्त. तुमच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. स्पर्धा परीक्षांसाठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या दाव्यात २०२२ मध्ये न्यायालयानं टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, आणि टेलिग्रामनं नावं, फोन नंबर, आयपी पत्ते न्यायालयात सादर केले. तुमच्या खुणांवरून निघालेलं अकाउंट आणि तिकडून आलेला फोन नंबर एकाच खोलीपाशी पोचले, तर वकिलाला पुढे फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

फुटलेल्या फाइलचं रिझोल्यूशन, कालावधी आणि मीडियाइन्फोचा तपशील इथे टाका, ती स्क्रीन रेकॉर्डिंग आहे की सर्व्हरवरून उचललेली ते बघून सांगतो. विद्यार्थ्याचा नंबर दिसत असेल तर आधी झाका.